चिल्काचं ट्रेनिंग खरंच सोपं झालंय का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून नेव्हीत लागला, सध्या आयएनएस चिल्काला, म्हणजे नेव्हीच्या बेसिक ट्रेनिंगच्या केंद्रात आहे, फोनवर म्हणतो "काही नाही गं, जमतंय, मजेत आहे", आणि तुमचे बाबा, जे स्वतः पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झालेत, फोन ठेवला की म्हणतात आता ट्रेनिंग राहिलंच नाही, पोरांचे लाड चाललेत, आमच्या वेळी हाडं मोडायची. आणि तुम्हाला कळत नाहीये की यातलं खरं काय, आणि ट्रेनिंग खरंच सोपं झालं असेल तर उद्या जहाजावर याचं कसं व्हायचं.

मी इंजिन रूमच्या ब्रँचला होतो, मास्टर चीफ होऊन बाहेर पडलो. मधली काही वर्षं इन्स्ट्रक्टर होतो, त्यातली बरीचशी डॅमेज कंट्रोल, म्हणजे जहाजावरची आग आणि आत घुसणारं पाणी कसं रोखायचं ते, शिकवण्यात गेली, आणि आता कराडजवळ गावाकडे राहून भरतीला जाणाऱ्या पोरांची तयारी करून घेतो. म्हणजे पोरगं जायच्या आधी कसं असतं ते रोज सकाळी ग्राउंडवर बघतो, आणि बेसिक करून आलेलं पोरगं कसं असतं ते नोकरीत शेकड्यांनी बघितलंय. त्या जोरावर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. अंगाला होणारा जाच कमी झालाय, हे बाबांचं बरोबर आहे. पण त्यामुळे ट्रेनिंग सोपं झालंय हे मला मान्य नाही. आणि मला जी काळजी वाटते ती या दोन्हीची नाही, ती वेळेची आहे, त्यावर शेवटी येतो कारण ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी नव्वदच्या सुरवातीला चिल्काला गेलो. चिल्का फेब्रुवारी १९८० मध्ये कमिशन झालेलं, ओडिशात चिलिका सरोवराच्या काठावर. दोन रात्री रेल्वेत काढून काळी लोखंडी ट्रंक घेऊन उतरलो आणि पहिली आठवण म्हणजे घाम, असा घाम की शर्ट पिळला तर पाणी निघावं, सातारा जिल्ह्यातल्या पोराला ती दमट हवा माहितीच नव्हती. घरचं पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस. आई आजारी आहे हे पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा ती बरी होऊन शेतात जायला पण लागली होती, आणि मी मात्र त्या रात्री बंकवर तोंड दाबून रडलो. हे कठीण होतंच. पण यातलं ट्रेनिंग किती आणि तो काळच तसा होता म्हणून किती, हे वेगळं करायला मला स्वतःला पुढे वीस वर्षं लागली. पत्र उशिरा मिळण्याने मी चांगला सेलर झालो नाही. चांगला सेलर झालो ते एका चीफ साहेबांमुळे, ते रात्री अंधारात आमच्याकडून ओव्हरऑल, बूट, टॉर्च हाताने चाचपून शोधायला लावायचे, पुन्हा पुन्हा, आणि ओरडायचे नाहीत, नुसतं म्हणायचे "अभी नहीं हुआ, फिर से". बाबा जेव्हा हाडं मोडायची म्हणतात तेव्हा ते या दोन्हीची एकच मोळी बांधतात, आणि ते साहजिक आहे, ज्यातून आपण निघालो त्यातलं काही फुकट गेलं असं कुणालाच म्हणवत नाही.

आता आत घेतानाची पट्टी बघा. पूर्वी एसएसआरच्या (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीनंतर सेलर म्हणून लागणारी पोरं) भरतीला १.६ किमी सात मिनिटांत पळायचं, २० उठाबशा आणि १० पुशअप्स. अग्निवीरला तेच १.६ किमी साडेसहा मिनिटांत, उठाबशा २०, पुशअप्स आधी १२ झाले मग १५, आणि वर १५ सिटअप्स. म्हणजे दरवाजा उलट अरुंद झालाय. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तर गावोगाव अकॅडम्या निघाल्यात, पहाटे पाचला हायवेच्या कडेने पोरांच्या रांगा पळताना दिसतात, माझ्याकडची बरीच पोरं ही रनिंग पावणेसहा मिनिटांत मारतात, आम्ही त्या वयात मारली नसती. पळण्यात ही पिढी आमच्या पुढे आहे, हे मी छातीठोक सांगतो.

कमी कुठे पडतात ते पण सांगतो. निम्म्या पोरांना पोहता येत नाही. नेव्हीत जायचंय आणि पोहता येत नाही, कारण भरतीच्या टेस्टमध्ये पोहणं नाही, मग अकॅडमी शिकवत नाही. दुसरं म्हणजे घरी एकुलता एक किंवा दोनच भावंडं, स्वतःची खोली, एका हॉलमध्ये पन्नास जण झोपतात, कुणी घोरतो, कुणी बोलतो, कुणाचं बोलणंच समजत नाही कारण तो मणिपूरचा किंवा केरळचा, हे त्यांना पळण्यापेक्षा जड जातं. आणि तिसरं, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे चूक झाल्यावर ती लगेच कबूल करणं. याच्यावर मी परत येणार आहे.

बेसिक ट्रेनिंग कशासाठी असतं हे एका प्रसंगातून सांगतो, नाहीतर सोपं-कठीणची चर्चा हवेत राहते.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत डॅमेज कंट्रोल शिकवायला जहाजाच्या पोटासारख्या लोखंडी खोल्या केलेल्या आहेत. त्या एका बाजूला कलतात, भिंतींना मुद्दाम भोकं आणि चिरा ठेवलेल्या, त्यातून जोरात पाणी सोडतात आणि लाइट घालवतात. आत आठ-दहा पोरं, हातोडे, भोकं बुजवायचे लाकडी प्लग, पाचरी, टेकू द्यायला वासे. पाणी घोट्यापासून सुरू होतं आणि बघता बघता छातीला लागतं, आणि पावसाळ्यात लोणावळ्याचं पाणी किती गार असतं हे मी सांगायला नको. एका बॅचमध्ये एक पोरगा होता, पीटीत पहिला, दोरावर सरसर चढायचा, मला वाटलं हा सगळ्यांना सांभाळून घेईल. पाणी गुडघ्याच्या वर आलं तसा त्याने प्लग भोकात खुपसला आणि दणादण मारायला सुरवात केली, प्लग वाकडा बसला, पाण्याच्या दाबाने सटकन बाहेर, परत घातला, परत बाहेर, तिसऱ्यांदा हातोडाच हातातून निसटून पाण्यात गेला आणि मग तो नुसता उभा राहिला. डोळे उघडे होते पण बघत काहीच नव्हता. त्याच्या शेजारी एक किडकिडीत पोरगा, पळण्यात कायम शेवटच्या पाचात. त्याने आधी पाण्याखाली हात घालून भोकाच्या कडा चाचपल्या, पत्रा कुठल्या बाजूने आत वळलाय ते बोटांनी बघितलं, प्लगला कापड गुंडाळलं, सरळ धरला, दोन हलके टोले मारले, मग जोरात. बसला. प्लग मऊ लाकडाचा असतो, पाणी पिऊन फुगतो आणि आपणहून घट्ट होतो, फक्त पहिले दोन टोले सरळ पडले पाहिजेत. नंतर विचारलं तेव्हा कळलं त्याचे वडील सुतार.

बाहेर आल्यावर त्या किडकिडीत पोराचे ओठ थरथरत होते, म्हणजे भीती त्यालाही वाटली होतीच, पण आत असताना हात थरथरले नव्हते. आणि पहिल्या पोराचं काय केलं? त्याला रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, दिला नाही, मैदानाला चकरा मारायला लावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला परत आत घातलं, चार वेळा. चौथ्या वेळी त्याने दोन हलके टोले मारले आणि प्लग बसला. तो पोरगा पुढे फार चांगला सेलर झाला, अजून दिवाळीला फोन येतो.

ही चार वेळा परत आत घालायची सवड असणं म्हणजे ट्रेनिंग. दुसऱ्या कशालाही मी कठीण ट्रेनिंग म्हणायला तयार नाही.

हे फक्त माझं म्हणणं नाही. जगभरच्या नेव्हींनी हे फार मोठी किंमत देऊन शिकलंय. अमेरिकेचं फॉरेस्टल नावाचं विमानवाहू जहाज, २९ जुलै १९६७, व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात. डेकवर चुकून एक रॉकेट सुटलं, इंधन पेटलं आणि आगीत तापून बॉम्ब फुटायला लागले. आग विझवायचं पक्कं शिक्षण असलेली टीम सगळ्यात पुढे होती आणि ती पहिल्या स्फोटांतच जवळपास सगळी गेली. मागून धावून आलेले लोक धाडसी होते, तगडे होते, पण त्यांना शिकवलेलं नव्हतं, एकीकडे फोम टाकून पेटलेलं इंधन झाकत होते आणि दुसरीकडे काही जण पाण्याचे होज मारून तोच फोम धुवून टाकत होते. १३४ माणसं गेली. त्यानंतर तिकडे ठरलं की आग विझवणं हे मूठभरांचं काम ठेवायचं नाही, प्रत्येक रिक्रूटला आलंच पाहिजे. आज त्यांच्या ग्रेट लेक्सच्या बूट कॅम्पमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या बेसिक ट्रेनिंगमध्ये, शेवटी रात्रभर चालणारी परीक्षा असते, इमारतीच्या आत जहाजाची प्रतिकृती उभी केलीय, तिथे आग, पाणी, जखमी माणसं, सगळं एका रात्रीत. तिथे कुणी त्यांना लाथा घालत नाही, पण सकाळी बाहेर येणारं पोरगं पार पिळून निघालेलं असतं.

आणि आपल्या नेव्हीची युद्धनौका आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या किनाऱ्यापासून दूर, पाकिस्तानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि जहाज काही मिनिटांत खाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ सेलर गेले. जे थोडे वाचले ते दुसऱ्या दिवशी मदत येईपर्यंत समुद्रात होते. तुमच्या बाबांना मी सांगायची गरज नाही, नेव्हीत असलेल्या प्रत्येकाला हा आकडा पाठ असतो. मी पोरांना पोहण्यावरून इतका छळतो त्याचं कारण हेच. किती पुशअप्स मारता येतात हे पाणी विचारत नाही, तास-तासभर डोकं वर ठेवून शांत राहता येतं का एवढंच विचारतं.

आता मारहाण, शिवीगाळ, अपमान. "दोन लगावल्याशिवाय शिस्त लागत नाही" हे मी खूप ऐकलंय, चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. त्यांना मी नेहमी मुंबईची आठवण करून देतो. १८ फेब्रुवारी १९४६, कुलाब्याचं एचएमआयएस तलवार, ब्रिटिश काळातल्या नेव्हीचं किनाऱ्यावरचं केंद्र, तिथल्या सेलर पोरांनी जेवणावर बहिष्कार टाकला, काम बंद केलं. जेवण निकृष्ट होतं आणि गोरे अधिकारी त्यांना जनावरासारखी शिवी देऊन बोलवायचे. काही दिवसांत ते बंड कराचीपर्यंत पसरलं, ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार सेलर त्यात उतरले. ती पोरं लेचीपेची नव्हती, दुसऱ्या महायुद्धातून निघालेली होती. काम कितीही सांगा, माणूस करतो, अपमान मात्र तो साठवून ठेवतो. आपल्या नेव्हीचा इतिहासच हे सांगतो तर आपण ते विसरून कसं चालेल?

पण माझा मारहाणीला विरोध आहे तो नुसत्या दयेपोटी नाही, कामाच्या दृष्टीने आहे. मघाशी म्हटलं ना चूक कबूल करण्याबद्दल परत येतो, ते हेच. नोकरीत मी एका ठिकाणी होतो, ठिकाणाचं नाव घेत नाही. तिथे एका पोराची नडगी दुखत होती, आठ-दहा दिवस तो काहीच बोलला नाही कारण आधी एकाने दुखतंय म्हणून सांगितलं तर त्याला कामचुकार म्हणून सगळ्यांसमोर सोलून काढलेलं. हा पोरगा रात्री टॉवेल ओला करून पायाला बांधून झोपायचा आणि सकाळी परत पळायचा. एक दिवस फॉल-इनमधून धावताना खाली बसला तो उठलाच नाही. नडगीच्या हाडाला आधी बारीक तडा होता तो पूर्ण गेला. तीन महिने पलंगावर, बॅच पुढे निघून गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो माझी माफी मागत होता. मी त्याच्या पलंगाशी बसलो होतो, मला काय बोलावं सुचेना, आजही तो चेहरा डोळ्यांसमोर येतो.

हाडाचं असं असतं की पळण्याचा भार अचानक वाढला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग जास्त मजबूत होतं, त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला उसंत मिळाली नाही तर तडा जातो. उन्हाचं पण तसंच, दमट उन्हाला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, पहिल्याच आठवड्यात दुपारी रपेट काढली तर चांगलं धडधाकट पोरगं उष्माघाताने जातं, आणि तसं जगात कित्येक ठिकाणी झालेलं आहे. त्यामुळे आता सुरवातीला भार हळूहळू वाढवतात, पाणी पाजून पळवतात, दुखलं तर डॉक्टरकडे पाठवतात, याला बाबा लाड म्हणत असतील तर मी त्यांच्याशी बसून भांडेन. शेतकरी सुद्धा नवीन खोंडाला पहिल्या दिवशी नांगराला जुंपत नाही.

त्या नडगीच्या पोराने जे शिकलं ते किती घातक होतं ते बघा. तो शिकला की त्रास लपवायचा. हाच पोरगा उद्या इंजिन रूममध्ये वॉचवर, म्हणजे पाळीच्या ड्यूटीवर असेल, रात्री दोनला त्याच्या हातून एक व्हॉल्व्ह चुकीचा फिरला, बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, पाणी चढायला लागलं, किंवा त्याला डिझेलचा वास आला पण खात्री नाही. लहानपणापासून आणि ट्रेनिंगमध्ये चूक सांगितली की मार बसलेला पोरगा काय करेल? तो आधी स्वतःच गुपचूप निस्तरायचा प्रयत्न करेल. आणि जहाजावर ती पाच मिनिटं फार महाग असतात, आग पहिल्या दोन-तीन मिनिटांत एका एक्स्टिंग्विशरने विझते, नंतर तिला अख्खं जहाज लागतं. मला असा सेलर हवा जो धावत येऊन सांगेल "चीफ साब, मुझसे गलती हो गई, पानी आ रहा है". असा सेलर घडवायचा तर ट्रेनिंगमध्ये चूक सांगणाऱ्याला झोडपून चालत नाही, त्याच्याकडून तीच गोष्ट बरोबर होईपर्यंत करून घ्यावी लागते. हे मारण्यापेक्षा इन्स्ट्रक्टरला कितीतरी जास्त मेहनतीचं आहे, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो.

मुलींबद्दल बाबा काही बोलले का ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण हा विषय निघतोच म्हणून थोडक्यात. सेलर म्हणून मुली पहिल्यांदा अग्निवीरमधूनच आल्या. मार्च २०२३ ला पहिल्या बॅचची पासिंग आउट परेड झाली, सूर्यास्तानंतर दिव्यांच्या उजेडात, सुमारे २६०० जण, त्यात २७० च्या वर मुली. त्यांना रनिंगला आठ मिनिटं आहेत म्हणून ट्रेनिंग ढिलं झालं असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की प्लग, होज, रेडिओ आणि वॉच यातलं कुठलं काम १.६ किमीच्या वेळेवर अवलंबून आहे. वजन उचलायचं काम असेल तिथे तेवढी ताकद मागा, मुलाकडे पण आणि मुलीकडे पण, विषय संपला. मोबाइलचं पण तेच, आठवड्यातून कधी आईशी बोलल्याने कुणी मऊ होत नाही. मी पंधरा दिवस पत्राची वाट बघितली, त्यातून मला जागरण सोडून काही मिळालं नाही.

आता वेळ.

पूर्वी एसएसआरचं चिल्कातलं बेसिक २२ आठवड्यांचं होतं. अग्निवीरचं १६ आठवड्यांचं. सहा आठवडे गेले, म्हणजे पाव भागाहून जास्त. आणि पूर्वी पहिली एंगेजमेंटच, म्हणजे नोकरीची पहिली मुदतच, १५ वर्षांची असायची, त्यामुळे चिल्कात जे राहिलं ते जहाजावर सीनियरच्या हाताखाली भरून निघायचं, एखादा पोरगा दोन वर्षं कच्चा राहिला तरी पुढची तेरा वर्षं तो पक्का असायचा. आता चार वर्षं. त्यातले चार महिने चिल्का, मग ट्रेडचं, म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाचं ट्रेनिंग, कुणी शिवाजीला, कुणी जामनगरला वालसुराला, कुणी कोचीला, मग वर्षाची तीस दिवस सुट्टी. जहाजावर प्रत्यक्ष हाताला काम लागायचे दिवस मोजायला बसलात तर तीन वर्षं धरा फार तर. आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के राहणार, बाकीचे शिकून तयार झाले की घरी.

कुणी म्हणेल की अमेरिकेचा बूट कॅम्प तर आठ आठवड्यांचाच होता, २०२२ ला दहा केला, नंतर २०२५ ला नऊवर आणला, आणि ब्रिटिशांचा एचएमएस रॅलीचा कोर्स दहा आठवड्यांचा आहे, मग आपले सोळा काय कमी आहेत? मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी नुसत्या आकड्याला घाबरत नाही. पण आपलं पोरगं पहिले काही आठवडे भाषेशीच झुंजत असतं. माझ्याकडे मराठवाड्यातली पोरं येतात, हुशार असतात, गणित पटापट सोडवतात, पण इंग्रजीतली ऑर्डर किंवा मॅन्युअलचं पान समोर आलं की अडकतात. चिल्कात शाळेचे विषय पण आहेत, ड्रिल आहे, पोहणं आहे, बोट पुलिंग म्हणजे वल्ही मारणं आहे, रायफल आहे. सोळा आठवड्यांत हे सगळं बसवायचं म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदा दाखवून होते, पण "अभी नहीं हुआ, फिर से" म्हणायला जागा राहत नाही. सिलॅबसच्या कागदावर तोच विषय दिसतो, त्याच्यापुढे टिक पण असते, मात्र त्या पोराने प्लग एकदाच मारलेला असतो. मला भीती आहे ती या एकदाची.

हे ओझं मग कुणावर पडतं? जहाजावरच्या लीडिंग हँड आणि पेटी ऑफिसरवर (ही सीनियर सेलरची पदं), म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांवर, जे आधीच वॉच, मेंटेनन्स आणि इन्स्पेक्शन यात बुडालेले असतात. माझ्या हातात असतं तर मी सोळा आठवड्यांतच एक बदल केला असता, परेडच्या रंगीत तालमीतले दिवस कमी करून ते पोहणं आणि आग-पाणी यांना दिले असते. ड्रिलचं महत्त्व मला माहितीय, एका आवाजावर पन्नास पाय एकत्र पडायला शिकणं ही कामाची गोष्ट आहे, ते पहिल्या दोन महिन्यांत शिकून होतं. त्यानंतर परेड सुंदर दिसावी म्हणून उन्हात जे तास जातात ते मला खटकतात. आईवडील परेड बघायला येतात, त्यांचे डोळे भरून येतात, माझ्या वडिलांचं पण ऐकून भरून आलं होतं, पण त्या पोराला उद्या लागणार आहे ते दुसरंच.

तुमच्या भावाबद्दल. तो "मजेत आहे" म्हणतो याचा अर्थ ट्रेनिंग सोपं आहे असा मुळीच घेऊ नका. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा बहिणीला फोनवर अजून काय सांगणार, मी पण पत्रात हेच लिहायचो, "इकडे सर्व ठीक, काळजी नसावी". तो सुट्टीवर आला की बाबांना सांगा त्याला "किती रगडा मिळाला" हे विचारू नका. हे विचारायला सांगा: पाण्यात किती वेळ थांबलास, आग प्रत्यक्ष किती वेळा विझवलीस, तुझी काय चूक झाली आणि ती कुणाला सांगितलीस, आणि डोळे बांधून तुझ्या बंकपासून बाहेर पडायचा रस्ता दाखव बघू. या चार उत्तरांवरून बाबांना पाच मिनिटांत कळेल पोरगं कितपत तयार आहे, त्यांचा अनुभव तेवढा नक्की आहे.

आणि शक्य असेल तर अजून एक करा. तुमच्याकडे विहीर असेल, नाहीतर जवळ कुठे स्विमिंग टँक असेल. आमच्याकडे पाठीला सुका भोपळा बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकायची, मी पण तसाच शिकलो. माझ्याकडच्या पोरांना मी शेवटच्या महिन्यात ओव्हरऑलसारखे जाड सुती कपडे घालून पाण्यात उतरवतो, काठावर दोन चांगले पोहणारे आणि दोर तयार ठेवून, कारण कपडे भिजले की अंग किती जड होतं हे चड्डीवर पोहणाऱ्याला कधीच कळत नाही. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे हातपाय झाडतात आणि दोन मिनिटांत दमून काठ धरतात. मग त्यांना पाठीवर पडायला शिकवायचं, कान पाण्यात, नजर आभाळाकडे, श्वास मोजत. मागच्या महिन्यात लातूरकडचं एक पोरगं, तलावसुद्धा लांबूनच बघितलेलं, आठव्या दिवशी तसं पंधरा मिनिटं पडून राहिलं, वर आल्यावर मला म्हणालं, "सर, अजून थांबलो असतो." पुढच्या महिन्यात त्याची भरती आहे. भाऊ आला की बाबांना आणि त्याला दोघांनाही उतरवा पाण्यात, आणि बाबांना माझा नमस्कार सांगा.